गच्चीवरचा तांबडा ठिपका

५ फेब्रुवारी

सुविधा म्हणाली, "आई, रोज काय केलं, कुठं अडलं ते लिहून ठेवत चला. पुढं दुसऱ्या बाईला शिकवायचं झालं तर उपयोगी पडेल." म्हणून ही वही. पण दुसऱ्या बाईला मी काही शिकवणार नाही, कारण काम तिच्याकडे गेलं तर मला बेळगावला जावं लागेल.

ते आधी लिहून टाकते. सिद्राम गेल्यापासून दीपंकरचं एकच चाललंय, निपाणीचं घर भाड्यानं दे आणि आमच्याकडे ये. दीपंकर माझा मुलगा, बेळगावात बँकेत असतो. सुविधा त्याची बायको. तिची कंपनी हवेतली धूळ मोजायचे डबे गावोगाव लावते आणि कुठं किती धूळ आहे ते कॉम्प्युटरच्या नकाशावर ठिपक्यांनी दाखवते. हिरवा म्हणजे बरी हवा, पिवळा-केशरी म्हणजे मध्यम, तांबडा म्हणजे वाईट. हा नकाशा लोकांना वापरता यावा म्हणून मराठीत व्हिडिओ करायचे आहेत आणि ते मी करायचे, असं सुविधानं ठरवलं. दीपंकर कबूल झाला, पण बोली करून. "मार्चअखेर कंपनी ठरवणार कुठला डबा ठेवायचा आणि कुठला काढायचा. निपाणीचा डबा राहिला तर तुझं काम राहिलं, तू पण राहा. डबा काढला की सामान बांधायचं."

मी व्हय म्हटलं.

(सिद्राम माझे मालक. हयातीत त्यांना कधी नावानं हाक मारली नाही. वहीत लिहिते, इथं कोण ऐकतंय.)

डबा सुविधानं येऊन आमच्याच गच्चीवर बसवला. पांढरा, किटलीएवढा, खाली भोकं. शेजारच्या अक्काताई बघायला आल्या.

"ह्यात फोटू येतोय का आपला?"

"न्हाय. हवा मोजतंय."

"हवा मोजून कुनाला द्याची हाय?"

सुविधाची आई पण चिकोडीहून सोबत आली होती. तिचं आणि अक्काताईंचं लगेच जमलं. दोघी जिन्याखाली बसून एका डबीतनं काहीतरी देत-घेत होत्या. सुविधानं पाहिलं आणि तोंड फिरवून डब्याची वायर ओढत बसली.

८ फेब्रुवारी

पहिला व्हिडिओ, सुविधानं दिलेल्या लॅपटॉपवर. ह्याला स्क्रीन रेकॉर्डिंग म्हणतात. पडद्यावर जे जे घडतं त्याचाच व्हिडिओ होतो. नकाशा दिसतो, बाण दिसतो, आवाज ऐकू येतो. माणूस दिसत नाही. हे मला माहीत होतं, तरी मी सकाळी धुवट लुगडं नेसले आणि केस विंचरले. अक्काताई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"कुठं निघालीस?"

"कुठं न्हाय. रेकॉर्डिंग हाय."

"तू दिसनार हाईस व्हय त्यात?"

"न्हाय."

"मग लुगडं नकाशाला दावतीस?"

गोल बटण दाबलं की पडदा तीन, दोन, एक असं मोजतो आणि आपली जीभ टाळ्याला चिकटते. पहिल्या वेळी मी "हे बघा, हितं" म्हणून पडद्यावर बोट ठेवलं. सुविधा फोनवर म्हणाली, बोट व्हिडिओत येत नाही आई, बाण फिरवा. दुसऱ्या वेळी बाण फिरवला तर तो धारवाडपर्यंत गेला. तिसऱ्या वेळी सगळं नीट चाललं होतं, तेवढ्यात फोनवरचा माझ्या नणंदेचा सुप्रभातचा गुलाब पडद्यावर आला आणि अख्ख्या बेळगाव शहरावर उमलला. चौथ्या वेळी कुकर.

सुविधानं दोन नियम सांगितले. एक, रेकॉर्डिंग करताना फोन मुका करायचा. दोन, जे दिसतंय तेच बोलायचं, पदरचं घालायचं नाही. मग म्हणाली, "आणि कागद वाचल्यासारखं बोलू नका. आप्पांना पेपर वाचून दाखवायचात, तसं बोला."

ते मला येतं. मी शाळेत गेले नाही. बिड्या वळता वळता लेबलांवरनं अक्षरं लावली, मग पुड्यांचे कागद, मग वाचनालय. सिद्रामना वाचता येत नव्हतं. रोज तंबाखूच्या वखारीतनं आले की भिंतीला टेकून बसायचे आणि मी पेपर वाचायचे. मी थांबले की म्हणायचे, "पुढं?"

पाचव्या वेळी जमलं. मध्ये एकदा मी उगाच थांबले. ती जागा सुविधानं कापली असं म्हणाली.

१२ फेब्रुवारी

लॅपटॉपवर धूळ बसू नये म्हणून (धुळीचाच उद्योग आमचा) झाकायला सिद्रामचा एक जुना सदरा काढला. ते गेले तेव्हा अक्काताईंची सून जयाबाई मदतीला आली होती. तिनं त्यांचे सगळे कपडे साबण लावून, दोनदा खंगाळून, कडक उन्हात वाळवून, घडी घालून दिले. चांगुलपणानंच केलं. तेव्हापासून ते नुसते सदरे आहेत.

लॅपटॉपवर बरोबर बसतो. बाह्या खाली लोंबतात.

१४ फेब्रुवारी

चार दिवस बघते आहे. सकाळी आमचा ठिपका हिरवा असतो. चहा-भाकरी उरकून ऊन गच्चीवर आलं की तांबडा होतो, आणि लगेच दीपंकरचा फोन.

"आई, ठिपका तांबडा झालाय. खिडक्या लावून घे."

"तुला बँकेत काम न्हाय व्हय रं?"

"तुझा खोकला कसा आहे?"

"खोकला बरा हाय. तू काम कर."

"आई, मी सांगतो ना, त्या गल्लीतली हवाच खराब आहे. इथं शहापूरचा ठिपका बघ, माग चालतात तरी हिरवा आहे."

हा मुलगा दिवसभर नकाशा उघडूनच बसतो की काय. नवीन खेळणं मिळालं की लहानपणीही असाच करायचा.

आज तांबडा होताच मी वर गेले. कारण कळलं. कारण तीन विटांवर तवा ठेवून उकिडवं बसलं होतं.

अक्काताई मिश्री भाजत होत्या. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची आणि दाताला लावायची. गेल्या वर्षी डॉक्टरनं त्यांच्या दोन दाढा काढल्या आणि जयाबाईनं सासूकडनं शपथ घेतली की मिश्री बंद. शपथ घरात घेतली होती म्हणून त्या माझ्या गच्चीवर भाजतात. हे मला ठाऊक होतं, डब्याला ठाऊक होईल असं वाटलं नव्हतं.

"अक्काताई, तुमच्यापायी माजं बिऱ्हाड बेळगावला निघालंय."

"मी काय केलं?"

"डब्याला धूर कळतोय."

त्यांनी डब्याकडं पाहिलं. "कुनाचा हाय ते पन सांगतंय?"

"न्हाय."

"मग कशाला भितीस?" म्हणून त्यांनी तंबाखू परतली.

मी जरा वेळ वरच थांबले. डब्याची भोकं बुजली आहेत का ते बघायला हवं होतं.

१६ फेब्रुवारी

अक्काताईंना म्हटलं, दुसरीकडं भाजा. त्या म्हणाल्या, डबा दुसरीकडं लाव. मी म्हटलं, मग सोडा तरी. त्या म्हणाल्या, "सोडीन की. तुज्या सासूनं लावली माज्या दाताला, पयल्या बाळंतपनात. तिला इचारून ये, मग सोडते."

सासू मरून वीस वर्षं झाली.

दीपंकरला खरं सांगावं तर तो जयाबाईला सांगणार. लहानपणापासून पोटात काही ठरत नाही. जयाबाईला कळलं तर अक्काताईंचं वर येणं बंद, आणि मग मला दिवसभर टोमणे कोण मारणार?

आज पण डबा तपासायला वर गेले होते. भोकं स्वच्छ आहेत.

१९ फेब्रुवारी

कोगनोळीच्या ठिपक्याचा व्हिडिओ केला. नाक्यावर ट्रक थांबतात, म्हणून तो बहुतेक तांबडाच असतो. नकाशा मात्र कोगनोळीलाच संपतो. पलीकडं महाराष्ट्र, तिथं एकही ठिपका नाही. बघणाऱ्याला वाटेल, हद्द ओलांडली की माणसं श्वासच घेत नाहीत. हे मी व्हिडिओत बोलले. सुविधानं कापलं.

मग दुसरा व्हिडिओ, ठिपक्यावर क्लिक केल्यावर दिवसभराची रेघ कशी दिसते त्याचा. उदाहरण म्हणून आमचाच ठिपका घेतला. रेघ सरळ चालते आणि दुपारच्या आधी तिचा डोंगर होतो. सगळं नीट सांगून झालं. बटण दाबून रेकॉर्डिंग बंद केलं आणि सुविधाला पाठवलं.

२१ फेब्रुवारी

बंद झालं नव्हतं.

बटण नीट दाबलं गेलं नाही. नंतर अक्काताई जिन्यावरून खाली आल्या आणि आम्ही जे बोललो ते सगळं त्यात आहे. मी आज ऐकलं.

"काय बघतीस? मी दिसते का त्यात?"

"दिसतासा की. ह्यो डोंगर बघा, तुमचाच. हितनं चढतासा, हितनं उतरतासा. अक्काताईंची मिश्री भाजून झाली की ठिपका हिरवा."

"आगं बया. आन ह्ये शेंडीगत वर गेलंय ते?"

"त्या दिशी तंबाखू वली असंल."

आणि बोलताना माझा बाण त्या डोंगरावर चढत-उतरत होता.

सुविधाचा फोन आला. "आई, व्हिडिओचा शेवट तुम्ही ऐकलात का?" मी ऐकलाय म्हटलं. मग ती म्हणाली, "'तंबाखू'च्या वेळी आवाज जरा फुटलाय, तेवढं मी कापते. बाकी चांगला झालाय. सौरवला पाठवते."

सौरव तिच्या ऑफिसातला इंजिनिअर, रांचीकडचा. ठिपका तांबडा का होतो त्याचं कारण नकाशावर टाकणं हे त्याचं काम. मला सुविधाचं नवल वाटतं. नको तिथं बारीकसारीक कापते आणि कापायचं ते ठेवते.

२२ फेब्रुवारी

सौरवचा फोन. माझं हिंदी कसं आहे ते इथंच कळेल.

"आंटीजी, आपके पड़ोस में मिश्री बनती है?"

"हां, बनता है. रोज."

"भूनकर?"

"तवे पे. एकदम काला होने तक."

"काली मिश्री? मैंने तो कभी नहीं खाई."

"खाने का नहीं बेटा. दांत को लगता है."

तो हसला. "हाँ आंटीजी, मीठा तो दाँतों को लगता ही है."

मीठा. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांच्या हिंदीत मिश्री म्हणजे खडीसाखर. पोरगं समजतंय, अक्काताई गच्चीवर खडीसाखर करतात. मी सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "तो फिर ये घरेलू उद्योग हुआ. मतलब मोहल्ले की हवा ख़राब नहीं है, सिर्फ़ थोड़ी देर का धुआँ है. मैं लिख देता हूँ."

मी तोंड मिटलं. मी खोटं बोललेले नाही. जे दिसतंय तेच बोलले, त्याला जे दिसलं ते त्यानं लिहिलं.

२ मार्च

आमच्या ठिपक्याला आता एक लाडू लागलाय. त्यावर बाण नेला की अक्षरं येतात, "घरगुती मिठाई उद्योग. तात्पुरता धूर." तांबड्या ठिपक्यावर पिवळा लाडू, बघायला गोड दिसतं. अक्काताईंना दाखवला. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "माजं नाव न्हाय घातलं?"

दीपंकरचा फोन. "आई, मिठाई कोण करतंय?"

"शेजारी."

"रोज?"

"मागणी हाय."

त्यानं फोन ठेवला. पण खिडक्या लाव म्हणाला नाही, हे खरं.

सुविधाला अजून कसं कळलं नाही कोण जाणे. चिकोडीकडची मुलगी, मिश्री म्हणजे काय हे तिला ठाऊक हवं. पण शिकलेल्या मुलींचं घरात लक्ष कुठं असतं.

१० मार्च

घोटाळा झाला. डबे ठेवायचे की काढायचे हे ठरवायला बेंगळूरहून एक मॅडम येणार आहेत. कोगनोळीला जाताना त्या निपाणीत थांबणार. सौरवनं त्यांना लाडूचं सांगितलंय. त्यांना महिलांचा घरगुती उद्योग बघायचा आहे. "मिश्री कशी भाजतात ते प्रत्यक्ष."

सुविधानं हे फोनवर सांगितलं. आता सांगावं तर सौरवची फजिती, लाडू पुसला जाणार, डबा खोटा ठरणार आणि मी बेळगावला. न सांगावं तर मॅडमपुढं तंबाखू.

अक्काताई म्हणाल्या, "मी मावळनीकडं जाते हुपरीला."

"तुमची मावळण हाय कुठं?"

"नसू दे. जाते."

थोड्या वेळानं सुविधाचा मेसेज आला. "आई, बाजारातून खडीसाखर आणून ठेवा. मोठ्या खड्यांची. पाव किलो पुरे."

हिला कसं कळलं मला खडीसाखर लागणार ते? कदाचित पाहुण्यांच्या हातावर ठेवायला म्हणाली असेल. योगायोग. पण चांगला योगायोग.

१८ मार्च

उद्या मॅडम येणार. मी अक्काताईंना बजावलं, उद्या तुमचं काही भाजायचं नाही. त्या म्हणाल्या, मग आजच आठवड्याचं भाजून ठेवते. एवढी तंबाखू एकदम म्हणजे ठिपका रात्रीपर्यंत तांबडा राहणार, पाहणीच्या आदल्या दिवशी ते वाईट दिसेल. म्हणून मी डब्याचं बटणच बंद केलं. डोकं माझंच.

भाजलं, खलबत्त्यात कुटलं, फडक्यातनं गाळलं. अक्काताई त्यांच्या नवऱ्याच्या लग्नातल्या फजितीची गोष्ट सांगत होत्या. ती मला पाठ आहे, तरी ऐकली. मग राहिलेली तंबाखू तव्यावर टाकली. आणि जिन्यात धाडधाड पावलं वाजली.

दीपंकर. डोक्यात हेल्मेट, गळ्यात बँकेचं ओळखपत्र, शर्ट पाठीला चिकटलेला. बेळगावहून मोटरसायकलवर आला होता. कामाच्या दिवशी.

"फोन का उचलत न्हाईस?"

बँकेत लागल्यापासून तो माझ्याशी असं बोललेला नाही. पुस्तकी बोलतो. फोन खाली होता, मुका. सकाळच्या रेकॉर्डिंगनंतर आवाज चालू करायचा राहिला होता.

"खाली हाय," मी म्हटलं. "काय झालं रं?"

"ठिपका करडा झालाय. सकाळधरनं करडा हाय. फोन लावतोय, लावतोय."

"डबा बंद केलता मी."

"का?"

मी अक्काताईंकडं पाहिलं, अक्काताईंनी तव्याकडं. मग त्यानंही तव्याकडं पाहिलं.

"ही तुमची मिठाई व्हय?"

"दिप्या," अक्काताई म्हणाल्या, "जयाला सांगशील तर बघ. तुजं लंगोट धुतल्यात मी."

मला वाटलं, आता ओरडेल. तो तिथंच कठड्याला टेकून खाली बसला, हेल्मेटसकट.

"आप्पांच्या वेळंला तू फोन लावत होतीस," तो म्हणाला, "आणि माझा असाच मुका होता. मीटिंगमध्ये."

"हेल्मेट काढ आदी," मी म्हटलं. "घाम बघ किती आलाय."

त्यानं हेल्मेट काढलं. तव्यावरचा धूर वाऱ्यानं आमच्याकडं वळला. मी म्हटलं, खाली चल, डोळ्यांत जाईल. तो हलला नाही. नाकानं मोठा श्वास घेतला, डोळे मिटून, लहानपणी पावशेर भजी एकट्यानं खाऊन झाल्यावर बसायचा तसा बसला.

"आप्पा वखारीतनं आल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला.

अक्काताईंनी तव्यावर आणखी चिमूटभर टाकली. त्यांचं भाजून झालं होतं खरं तर.

आम्ही तिघं धूर असेपर्यंत बसलो. डबा बंदच होता, त्यामुळं तपासायला काही नव्हतं. तरी मी बसले.

जाताना त्यानं स्वतः डब्याचं बटण चालू केलं आणि फोन हातात धरून उभा राहिला. ठिपका आला, तांबडा. त्यानं मान हलवली, डॉक्टरनं बरं सांगितल्यासारखी, आणि गेला. घर भाड्यानं द्यायचं काही बोलला नाही. विसरला असेल.

१९ मार्च

मॅडम आल्या. धारवाडी कन्नड, केस पांढरे, पायात साध्या चपला. बरोबर सौरव आणि सुविधा. पोरगं मी मनात धरलं होतं त्याहून लहान निघालं, नाकावर चष्मा घसरणारं.

अक्काताई हुपरीला गेल्या नाहीत. नवं लुगडं नेसून विटांपुढं बसल्या होत्या. मी नकाशा उघडून लॅपटॉप गच्चीवर आणला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं, तसं सुविधानंच सांगितलं होतं. ठिपका हिरवा.

"शुरू कीजिए माताजी," सौरव म्हणाला.

अक्काताईंनी माझ्याकडं पाहिलं. मी खडीसाखरेची पिशवी पुढं केली. त्यांनी दोन मुठी खडे उचलले आणि मिश्रीच्या तव्यावर टाकले. पन्नास वर्षांची तंबाखू प्यालेला तवा. आणि ज्या गंभीर चेहऱ्यानं तंबाखू परततात त्याच चेहऱ्यानं साखर परतायला लागल्या.

खडे आधी घामाघूम झाले. मग पाझरले, मग तांबूस, मग काळे, आणि मग असा धूर उठला की सौरव दिसेनासा झाला. सुविधा तोंडाला ओढणी लावून कठड्याकडं वळली. तिचे खांदे हलत होते. तिला धूर सोसत नाही.

"आलं," मी लॅपटॉपकडं बघून म्हटलं. "पिवळा. आता केशरी. आता बघा, तांबडा."

सौरवनं टाळीच वाजवली. "देखिए मैडम! यहाँ धुआँ, वहाँ लाल. सेंसर बिल्कुल सही है."

मॅडम पडद्याकडं बघत होत्या, मग तव्याकडं, मग बराच वेळ अक्काताईंच्या दातांकडं. अक्काताईंनी तोंड मिटलं.

चव बघावीच लागणार होती. सौरवनं काळा तुकडा तोंडात टाकला. चघळला. त्याचा चेहरा बदलत बदलत थांबला. "थोड़ी कड़वी है," तो म्हणाला. "लेकिन अलग स्वाद है." मग त्याला उचकी लागली, ती कोगनोळी येईपर्यंत गेली नाही असं सुविधा नंतर म्हणाली.

मॅडमनी तुकडा घेतला, नाकाशी धरला आणि रुमालात बांधून पर्समध्ये टाकला. जिना उतरताना त्या अक्काताईंच्या कानाशी वाकल्या आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, "हे दातांना चांगलं नाही, अक्का."

"साखरच हाय की बाई," अक्काताई म्हणाल्या.

"मला पण माझी आई हेच सांगायची," मॅडम म्हणाल्या.

त्यांच्या आईलाही गोडाचा नाद असावा.

३० मार्च

डबा राहिला. मॅडमनी लिहून दिलं की निपाणीचा डबा सर्वांत चोख चालतो, आणि त्या दिवशीचं माझं रेकॉर्डिंग सगळ्या गावांना नमुना म्हणून दाखवायचं. म्हणजे अक्काताई आता धारवाडपर्यंत ऐकू येणार. चुलीपाशी "ह्या येड्याला आनखी एक खडा देऊ का" असं त्या म्हणाल्या होत्या, ते सुविधानं कापलं का, हे विचारायला धीर होत नाही.

दीपंकरला फोन केला. "डबा ऱ्हायला."

"मला माहीत हाय."

"मग सामान?"

"कसलं सामान?" तो म्हणाला.

सुविधाला मी एक व्हिडिओ सुचवला, तिच्या यादीत नव्हता. आज केला, एका दमात. त्यातलं इथं उतरवून ठेवते, कारण हे मात्र दुसऱ्या बाईला शिकवलं पाहिजे.

"आता हा करडा ठिपका. करडा म्हणजे हवा वाईट नव्हे. करडा म्हणजे तिकडनं काही कळत नाही. लाईट गेली असेल, नाहीतर कुणी बटण बंद केलं असेल. अशा वेळी घाबरून गाडी काढू नका. आधी शेजाऱ्याला फोन करा. त्यासाठी शेजाऱ्याचा नंबर आपल्याकडं आधीपासून पाहिजे. आणि ज्यांच्या घरावर डबा आहे त्यांनी काम झाल्यावर फोनचा आवाज चालू करायला विसरू नये."

इथं मी थांबले. सुविधानं ही जागा कापली नाही.

६ एप्रिल

ऊन गच्चीवर येऊन खूप वेळ झाला. मी पुढच्या व्हिडिओचा कागद बघत होते. फोन वाजला.

"आई."

"काय रं? तांबडा न्हाय, हिरवा हाय. बघ नीट."

"हिरवाच हाय," दीपंकर म्हणाला. "म्हणून तर विचारतोय. अक्काताई बऱ्या हायत न्हवं?"

मी फोन ठेवला आणि शेजारी गेले. जयाबाई बाजाराला गेली होती. अक्काताई आत पांघरूण घेऊन पडल्या होत्या. जरा कणकण होती, दुसरं काही नाही. मी पेज करून दिली. त्या नको म्हणाल्या आणि सगळी प्याल्या.

"आज वर आला न्हाईसा."

"आज सोडली मी मिश्री," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोगी कवाधरनं मागं लागलाय."

"चांगलं केलासा."

मी तिथंच बसून राहिले. त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडं पाहिलं.

"जा वर," त्या म्हणाल्या. "तवा कोनाड्यात हाय, पुडी विटंखाली. भाज तू. काळी झाली की उतरीव, जाळू नकोस."

"मी कशाला भाजू? मी कुठं लावते?"

"लावू नकोस. भाज नुसती."

गेले. विटांमध्ये जाळ केला, तवा ठेवला, पुडी उलटली. धूर उठला तेव्हा खाली फोन वाजला. दोनदा वाजून आपोआप थांबला. ठिपका बघितला असेल त्यानं.